फुंकरमामाची हरण्याची रीत

माझ्या धाकट्या भावाला व्यायामाचा मनापासून कंटाळा आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याच्याबद्दल चार शब्द बरे बोलायची वेळ येणार आहे, आणि मग बहिणीने झाकून ठेवलं असं कुणी म्हणायला नको. आम्ही एकाच घरात राहतो. खाली मी आणि माझे यजमान, वर तो आणि माझी भावजय. मधे एक जिना आहे. हा जिना चढताना तो अर्ध्यावर थांबतो, कठड्याला हात लावतो आणि काहीतरी आठवत असल्यासारखा छताकडे बघतो. आठवत काही नसतं. दम लागलेला असतो. सकाळी फिरायला जावं म्हणून भावजयीने त्याला बूट आणून दिले होते. ते इतके कोरे राहिले की शेवटी तिने ते आपल्या भावाला देऊन टाकले.

आणि हा माणूस पोटापाण्यासाठी काय करतो, तर लोकांच्या मुलांना व्यायाम करायला लावतो.

आमच्या हॉस्पिटलात लहान मुलांचा सर्जरीचा वॉर्ड आहे. तिथली इन्चार्ज सिस्टर मी आणि फिजिओथेरपिस्ट तो. वॉर्डात तो मला 'सिस्टर' म्हणतो आणि अहो-जाहो करतो. मी त्याला 'सर' म्हणते. घरी आल्यावर मी त्याला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम ऐकायला सोपं वाटतं. पोटाचं ऑपरेशन झालेलं मूल अंग चोरून पडून राहतं. खोल श्वास घेतला की टाका ओढतो, म्हणून ते वरच्यावर श्वास घेतं. खोकला आला तर गिळून टाकतं. मग छातीत खाली कफ साचायला लागतो, ताप चढतो आणि पोट बरं होत असताना फुप्फुसं रुसतात. म्हणून त्याला उठवायचं, बसवायचं, फुंकायला लावायचं, खोकायला लावायचं, चालवायचं. आता ज्याचं पोट नुकतंच उघडून शिवलंय त्याला जाऊन म्हणून बघा, की चल बाळा, जोरात खोक. मोठी माणसं अशा वेळी शिव्या देतात. मुलं भोकाड पसरतात.

माझ्या भावाच्या कोटाचे खिसे नेहमी फुगलेले असतात. त्यात साबणाच्या फुग्यांची बाटली, स्ट्रॉ, कापसाचे बोळे आणि एक पिचकं भिरभिरं. बगलेत एक छोटी उशी. ही उशी भावजय जुन्या पडद्यांची शिवून देते आणि तिचं नाव पोटोबा. खोकायच्या आधी पोटोबाला टाक्यांवर गच्च दाबून धरायचं, म्हणजे कमी दुखतं. मुलं त्याला फुंकरमामा म्हणतात. एकदा गेटवर नवा वॉचमन आला होता. हातातली बाटली आणि भिरभिरं बघून त्याने ह्याला अडवलं, "फुगेवाल्यांनी बाहेर थांबायचं." आणि आमचे साहेब थांबले! वाद नको म्हणून चांगले बाहेर उन्हात उभे राहिले. शेवटी मला जाऊन आणावं लागलं. तोपर्यंत ह्याने दोन पोरांना फुगे फुकट उडवून दाखवले होते.

त्याच्या कामाची एक रीत होती. पैज लावायची आणि हरायचं.

चालायचं असेल तर कॉरिडॉरमध्ये शर्यत. सलाइनचा स्टँड ढकलत निघालेलं पोर पुढे, आणि हा मागून भिंतीला धरून धापा टाकतोय. "अरे थांब रे, म्हाताऱ्या माणसावर काही दया आहे की नाही!" फुंकायचं असेल तर बेडवरच्या टेबलावर मधोमध कापसाचा बोळा ठेवायचा. दोघांनी दोन बाजूंनी फुंकायचं, ज्याच्या बाजूला बोळा पडला तो हरला. बोळा कायम ह्याच्याच मांडीवर. हरल्यावर तो साधासुधा गप्प बसत नसे. तोंड पाडायचा, रुसायचा, माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा, "सिस्टर, ह्या मुलाने मला फसवलं, उद्या मी ह्याला बघून घेतो." ते मूल दुसऱ्या दिवशी सकाळपासून ह्याची वाट बघत बसलेलं असायचं. माझ्या वॉर्डातून बरं होऊन गेलेलं प्रत्येक मूल फुंकरमामाला हरवून गेलेलं आहे. मला वाटायचं, आळशी माणसाने स्वतःच्या सोयीचीच रीत शोधून काढली आहे. हरायला कष्ट कुठे लागतात?

मग वकीलबाई आल्या.

वय वर्षं आठ. अपेंडिक्स आत फुटलेलं, त्यामुळे पोटावर चांगली लांब चीर. नाव आम्ही ठेवलं, कारण शुद्धीवर आल्याबरोबर तिने पहिला प्रश्न विचारला, "मला विचारून ऑपरेशन केलं का?" बरोबर वडील होते. त्यांचा काचेचा धंदा, खिडक्यांना काचा बसवायचा. घरी तान्हं बाळ असल्यामुळे आई दुपारी तेवढी येऊन जायची, बाकी वेळ हेच. गृहस्थ स्वभावाने सोन्यासारखे, पण जन्मभर काचा उचलून उचलून जगातली प्रत्येक वस्तू फुटणार आहे असं त्यांच्या मनाने घेतलेलं. लेकीला बाथरूममध्ये न्यायचं तर दोन्ही हातांवर आडवी धरून, कडेकडेने, "हळू, हळू, सरका, हळू" करत. तोंडाने सारखं एकच, "हलू नकोस बाळा, टाके उसवतील." मुलगी ते ऐकून लाकडासारखी पडून राहायची.

"अहो बाबा," मी त्यांना म्हटलं, "ही मुलगी आहे, आरसा नाही."

"हो सिस्टर," ते म्हणाले आणि तिच्या पायाखालची चादर हळूच सारखी केली.

दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. माझा भाऊ कापसाचा बोळा घेऊन गेला. पलंगाचं डोकं वर करून तिला टेकवून बसवलं, टेबल पुढे ओढलं, फुंकर, बोळा ह्याच्या मांडीवर. "अरेरे, गेलो!" तो ओरडला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा वकीलबाईंनी हात वर केला.

"मामा, तुम्ही फुंकतच नाही."

"फुंकतो की! गाल बघ माझे."

"गाल फुगतात. हवा येत नाही. मी टेबलावर हात ठेवला होता, हाताला काहीच लागलं नाही."

माझा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी थर्मामीटरकडे बघायला लागले.

"बाबापण असंच करतात," ती म्हणाली. "घरी सगळेच करतात. मी जिंकले की टाळ्या वाजवतात. मला कळतं. मग मजा येत नाही."

काचवाले खाली मान घालून उभे राहिले.

"बरं बाई," भाऊ म्हणाला, "आता खरं फुंकतो." आणि त्याने खरं फुंकलं. बोळा उडून थेट तिच्या नाकावर बसला. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि इतक्या शांतपणे बोलली की मोठ्या माणसाला घाम फुटावा. "म्हणजे आधीचं खोटंच होतं. आणि खरं खेळलात तर मी हरणारच. तुम्ही एवढे मोठे आणि माझं पोट दुखतंय. मग मी खेळू कशाला?"

एवढं बोलून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. खटला संपला.

साबणाचे फुगे काढले तर म्हणाली, हे माझ्या लहान बहिणीला द्या. कॉरिडॉरमधल्या शर्यतीचं नाव काढलं तर डोळेच मिटून घेतले. त्या दिवशी ती नीट बसली नाही, खोकली नाही, फुंकलं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला सर्जन मॅडम आल्या. आमच्या मॅडम बोलतात कमी. प्रत्येक मुलाला अगदी गंभीर चेहऱ्याने एकच विचारतात, "गॅस सुटला का?" कारण गॅस सुटला म्हणजे आतडी कामाला लागली. मोठी मुलं लाजून पांघरुणात जातात. वकीलबाईंनी मात्र सरळ "नाही" म्हणून सांगितलं. मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला, उजव्या बाजूला खाली बराच वेळ ऐकत राहिल्या. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाहीये. उद्या सकाळी एक्स-रे काढा. फरक नसेल तर तिला आयसीयूत नेऊ, मास्क लावावा लागेल."

काचवाल्यांनी ते ऐकलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

ड्युटीरूममध्ये माझा भाऊ चहा घेऊन बसला तेव्हा बिस्किट चहात बुडून तळाला गेलं तरी त्याला पत्ता नव्हता. खाण्याच्या बाबतीत तो असा बेसावध कधी नसतो. मी समजले की प्रकरण गंभीर आहे.

"सिस्टर, मला तिच्या जवळच जाता येत नाहीये," तो म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं तरी सिस्टर म्हणाला. "हरलो तर खोटा, जिंकलो तर राक्षस. तिसरं काही मला येतच नाही."

"मग रागावून बघ."

"ते तू करतेस. त्याने काय झालं आजवर?"

मला राग आला. मास्क लावून, दोरे-नळ्यांमध्ये अनोळखी खोलीत झोपवलेली ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आली. इतकी वर्षं ह्या वॉर्डात काढली तरी माझं हे काही जात नाही.

दुपारी मी तिला दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. ते लागू पडल्यावर तो आला. ह्या वेळी खिसे रिकामे. स्टूल ओढून तिच्या पलंगापाशी बसला आणि कोट बाजूला करून शर्टाची खालची दोन बटणं सोडली.

"हे बघ," तो म्हणाला.

वकीलबाईंनी मान वळवली. ह्याच्या पोटावर एक जुना व्रण आहे. त्या विस्तारात तो सापडायला तिला जरा वेळ लागला.

"तुमचं पण?"

"माझं पण. सात वर्षांचा होतो. मीपण तुझ्यासारखा भिंतीकडे तोंड करून पडायचो. घरी आणलं तरी वाकून चालायचो, श्वास घ्यायला घाबरायचो. डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला फुंकायला लावा. तर आमच्या वडिलांनी काय केलं, एका मोठ्या परातीत पाणी भरलं आणि कागदाच्या दोन होड्या केल्या. एक माझी, एक माझ्या ताईची. फुंकून फुंकून पलीकडच्या काठाला न्यायची. माझी ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, अंगाने चांगली दांडगी. शाळेत मुलगे तिला घाबरायचे. आणि ती रोज माझ्याशी हरायची."

मी शेजारच्या पलंगावरच्या बाळाची सलाइन बदलत होते. माझा हात थांबला.

"रोज हरायची. मला वाटायचं, मी किती भारी! त्या जोरावर मी उठलो, सरळ झालो, चालायला लागलो. पुढे मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं. एवढी दांडगी मुलगी एका आजारी पोराशी हरेल कशी? ती मुद्दाम हरत होती. मी हे तिला कधी बोललो नाही. बोललं की त्यातली गोडी जाईल असं वाटायचं. पण हे काम मी त्यामुळेच घेतलं. म्हणून मी हरतो. हरणं नेहमी खोटं नसतं, बाळा. कधी कधी ती माया असते."

काचवाले डोळे पुसत होते. चाळीसएक वर्षं माझ्या घरात, माझ्या डोक्यावर राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वकीलबाई मात्र विरघळल्या नाहीत. "कुठे आहे ती ताई?"

"ही काय. समोर उभी आहे."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सिस्टर, तुम्ही मुद्दाम हरायचात?"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, हो म्हणावं. असा मान माझ्या वाट्याला आयुष्यात आला नव्हता. भाऊ माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होता की दगडालाही हो म्हणावंसं वाटलं असतं. पण समोर ती पोर होती. सगळ्यांनी तिला आजवर गोड खोटंच दिलेलं, आणि आता ती माझ्याकडून पुन्हा तेच मिळणार म्हणून तयार बसलेली. आणि मला आठवत होतं ते काही वेगळंच होतं.

"नाही," मी म्हटलं.

"सिस्टर!" भाऊ म्हणाला.

"नाही म्हणजे नाही. मुद्दाम कशाला हरेन? मी जीव तोडून फुंकायचे. हरले की न्हाणीघरात जाऊन रडायचे. एकदा तर मी माझ्या होडीला खालून मेणबत्तीचं मेण घासलं होतं, चोरून. तरी हरले."

"ताई!" तो म्हणाला. वॉर्डात, सगळ्यांसमोर. असं त्याने कधी केलं नव्हतं.

वकीलबाई कोपरावर रेटून थोड्या वर सरकल्या. आपण हललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "मग हरायचात कशा? तुम्ही तर दांडग्या होतात."

"दांडगी होते म्हणूनच. जोरात फुंकलं की होडी गिरकी घेते, नाहीतर सरळ कलंडते. ह्याचं पोट दुखायचं. ह्याला जोरात फुंकताच यायचं नाही. हा आपला हळू, लांब, एकसारखं फुंकायचा. ह्याची होडी नाकासमोर निघायची ती थेट काठाला. मला ते दिसायचं, पण दमाने घेणं माझ्या रक्तातच नव्हतं."

तिने जरा विचार केला. "म्हणजे पोट दुखत होतं म्हणून जिंकले?"

"म्हणूनच जिंकला."

"खरंच जिंकले?"

"खरंच. रोज. मला अजून राग आहे."

मी भावाकडे बघायचं टाळलं. तो स्टुलावर तसाच बसला होता, बटणं उघडी, तोंडही उघडं.

"होड्या करा," वकीलबाई म्हणाल्या.

माझ्या वॉर्डात पलंगाजवळ पाण्याचा थेंब सांडलेला मला खपत नाही, हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत आहे. तर मुलांना पुसून घ्यायचा मोठा टब मी स्वतः भरून आणला. होड्या काचवाल्यांनी केल्या, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या. काय घडी घातली त्या माणसाने! नखाने एकेक कड अशी ओढली की सुरीने कापल्यासारखी. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या हातांना काम मिळालं होतं.

"बसायला लागेल," भाऊ भानावर येऊन म्हणाला. "पाय खाली सोडून. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपरावर जोर. पोटोबा कुठंय?"

ती कुशीवर वळली. ओठ दाबून धरले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण वळली. वडील "हळू..." म्हणणार इतक्यात मी त्यांच्याकडे बघितलं आणि ते गिळून गेले. ती पलंगाच्या कडेला बसली, पोटोबा पोटाशी कवटाळून. तिने भावाच्या तोंडापुढे आपला तळहात धरला. "आधी फुंकून दाखवा. हवा आली पाहिजे." त्याने फुंकलं. तिने मान डोलावली, मग टब मधे आला.

भावाने खरं फुंकलं. त्याच्या छातीचा भाता लहान नाही. होडी सुसाट निघाली, स्वतःभोवती फिरली आणि टबाच्या भिंतीवर आपटून आडवी झाली. वकीलबाईंची होडी मागून निवांत येत होती. जोरात फुंकणं त्यांना शक्यच नव्हतं. ओठांचा लहानसा चंबू करून त्या लांब, एकसारखी फुंकर घालत होत्या. फुंकर संपली की पुन्हा श्वास, खोल, टबाच्या पार पलीकडे पोचेल इतका. होडी काठाला लागली.

"एकदा परत," भाऊ म्हणाला.

दुसऱ्यांदा त्याने सावकाश फुंकायचा प्रयत्न केला, पण मधेच ती पुढे जाताना दिसली आणि राहवलं नाही. होडी कलंडली. तिसऱ्यांदा त्याच्या भुवयांवर पाणी उडालं. आता त्याचा चेहरा लाल झाला होता आणि त्यात नाटक एवढंसुद्धा नव्हतं. "हे काय आहे! एकदा, फक्त एकदाच परत. ही होडी वाकडी आहे!"

"माझी घडी वाकडी नसते," काचवाले म्हणाले. अख्ख्या मुक्कामात आवाज चढवलेला तेवढाच.

वकीलबाई हसल्या. हसण्याने दुखलं, दुखण्याने श्वास अडकला आणि खोकला आला. "पोटोबा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. तिने उशी गच्च दाबली आणि खोकली. आधी घशातला, मग एक असा आला, तळातून, ओला, खळखळणारा. मी भांडं पुढे धरलं. लोकांना गाणं आवडतं, बासरी आवडते. माझ्या भावाला आणि मला तो आवाज आवडतो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन दिवस छातीत अडलेलं बाहेर आलं होतं.

त्यानंतर तिला दाराशी नेऊन परत आणलं, स्वतःच्या पायांवर. काचवाले शेजारून दोन्ही हात पसरून चालत होते, पण लावत नव्हते. पलंगाशी परत येता येता वॉर्डात एक छोटासा आवाज झाला. सगळे गप्प. "सर्जन मॅडमना सांगा," वकीलबाई म्हणाल्या, "आता हो."

दुसऱ्या दिवशी एक्स-रे बघून मॅडम म्हणाल्या, "राहू दे इथेच." माझा जीव भांड्यात पडला. मॅडम निघताना टबाकडे बघून थांबल्या आणि मग पुढच्या पलंगाकडे गेल्या.

संध्याकाळी आम्ही घरी निघालो तेव्हा भाऊ गप्प होता. मला धाकधूक होती. ह्या माणसाने एका गोष्टीवर सगळं आयुष्य उभं केलं, आणि मी ती भर वॉर्डात काढून घेतली. इतकी वर्षं तो माझ्यावर एका अशा मायेसाठी जीव लावत होता, जी मी केलीच नव्हती. खरं बोलून पोर वाचली ते बरंच झालं, पण भाऊ हरवला की काय असं मला आतून वाटत होतं आणि ते फार टोचत होतं.

जिन्यात तो अर्ध्यावर थांबला. कठड्याला हात लावला. मला वाटलं, दम लागला.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे मी खरंच जिंकायचो?"

"हो रे बाबा."

"रोज?"

"रोज."

"तू मेण लावलंस तरी?"

"तरी."

तो उरलेल्या पायऱ्या न थांबता चढून गेला. वरून मला त्याचा आवाज येत होता, भावजयीला सगळं पहिल्यापासून सांगत होता. मेणाचा भाग त्याने दोनदा सांगितला. त्यानंतरच्या आठवड्यात हॉस्पिटलात वॉचमनपासून रक्त तपासणाऱ्या बाईपर्यंत असा एकही माणूस राहिला नाही, ज्याला हा सात वर्षांचा असताना किती मोठा खेळाडू होता हे कळलं नाही. मी टोकलं तर म्हणायचा, "सिस्टर, ह्यात खोटं काय आहे?"

लहानग्यांशी तो अजून मुद्दाम हरतो. पण जरा मोठं, शहाणं मूल आलं की टब निघतो. तिथे तो जीव तोडून फुंकतो आणि खराखुरा हरतो. आणि त्यावरून खराखुरा चिडतो.

महिन्याभराने वकीलबाई दाखवायला आल्या. ताठ चालत, वडील दोन पावलं मागे. मॅडमनी तपासून पाठवलं आणि ह्या सरळ माझ्या वॉर्डात. कॅलेंडरच्या पानाच्या दोन होड्या घरून करून आणल्या होत्या.

"आता तुम्ही दोघं," तिने हुकूम सोडला. "मी बघणार. कुणी खोटं खेळायचं नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती. टब आला. आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकलो, त्याचे गुडघे कुरकुरले, माझेही. ती मधे उभी राहिली आणि टाळी वाजवली.

आता ऐका. ह्या वॉर्डात रडणाऱ्या मुलांना शांत करण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे. तेव्हा जे येत नव्हतं ते आता येतं. मी हळू फुंकलं, लांब, एकसारखं. माझी होडी सरळ निघाली. अशी निघाली जशी तेव्हा रोज निघावी म्हणून मी न्हाणीघरात रडले होते. पलीकडे हा फू फू करत होता आणि ह्याची होडी गिरक्या घेत मागे रखडत होती. मी अर्ध्याच्या पुढे गेले. जिंकलेच होते मी.

मग माझी नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली. गाल फुगलेले, कपाळावर घाम, डोळे होडीवर. तो ऑपरेशन झालेला माझा लहान भाऊ होता, वाकून चालणारा, आणि त्याला जिंकायचं होतं.

मी जोरात फुंकलं. माझी होडी फिरली, कलंडली आणि पाण्याखाली गेली. त्याची रडतखडत काठाला लागली.

"जिंकलो!" तो ओरडला. "बघितलंत सिस्टर? अजूनही!"

वकीलबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, रोखून, त्या दिवशी टेबलावर हात ठेवून बघितलं होतं तशी. तिला सगळं कळलं होतं. आता उलटतपासणी सुरू होणार म्हणून मी घाबरले.

तिने पाण्यात हात घातला, माझी बुडालेली होडी बाहेर काढली, हलकेच पिळली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवून दिली.

"मामा जिंकले," ती म्हणाली.